वैद्यकीय संशोधन वाचताना नैतिकतेचे प्रश्न कसे विचारावेत: नवख्यांसाठी वाटाड्या

माणसाच्या छातीत डुकराचं हृदय बसवलं. गर्भाचे जनुक बदलले. मेंदूत चिप घातली. अशी बातमी आली की दोन प्रकारची माणसं लगेच बोलू लागतात. एकाला विज्ञान कुठल्या कुठं पोचल्याचा आनंद होतो, दुसऱ्याला माणूस देव व्हायला निघाल्याची भीती वाटते. मूळ संशोधन दोघांनीही वाचलेलं नसतं आणि गंमत म्हणजे या दोन्ही प्रतिक्रियांसाठी ते वाचायची गरजही पडत नाही.

मी डॉक्टर नाही. माणसांवरच्या संशोधनाच्या योजना तपासणाऱ्या एका एथिक्स कमिटीत काही वर्षं सामान्य सदस्य म्हणून बसतो. अशा समितीत डॉक्टर, शास्त्रज्ञ, वकील यांच्या जोडीला विज्ञानाबाहेरचा निदान एक माणूस असावा असा प्रघात आहे. ती खुर्ची माझी. सुरुवातीला वाटायचं, आपलं काम म्हणजे शेवटी योग्य किंवा अयोग्य असा शिक्का मारणं. हळूहळू लक्षात आलं की नैतिकतेचा प्रश्न शेवटच्या पानावर नसतोच. तो औषधाच्या मात्रेत असतो, दोन इंजेक्शनांमधल्या वेळात असतो, तुलनेसाठी कोणता गट घेतला त्यात असतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांत 'हे बरोबर की चूक' हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. वाचताना दोनच गोष्टींचा माग काढायचा: जोखीम कोणाच्या अंगावर पडली आणि फायदा कोणाच्या पदरात पडणार.

हे नुकतंच प्रयोगशाळेत पाऊल टाकलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे, आरोग्याच्या बातम्या लिहिणाऱ्यासाठी आहे, आणि ज्याच्या हातात डॉक्टरांनी अचानक संमतीपत्र ठेवलं आहे त्याच्यासाठी तर आहेच. एक वही, एक तास आणि बातमीऐवजी मूळ पेपर एवढं जवळ घ्या. पेपर विकत घ्यावा लागत असेल तर निदान सारांश आणि चाचणीची नोंदणी फुकट मिळते. सुरुवातीला तेवढं पुरतं.

पायरी १: गाडी कुठल्या स्टेशनवर आहे ते पाहा

पहिल्यांदा वहीत लिहा: पेशी, प्राणी की माणूस? बातमीत हा शब्द बहुधा तिसऱ्या परिच्छेदात दडलेला असतो. काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललेलं औषध आणि माणसावर चाललेलं औषध यांच्यात अनेक वर्षं असतात, आणि बहुतेक औषधं त्या वाटेवरच गळतात.

माणसांवरच्या चाचण्यांचे साधारण तीन टप्पे. पहिल्यात वीस ते शंभर माणसं. प्रश्न एवढाच की हे औषध अंगाला सोसतं का आणि किती मात्रेपर्यंत. दुसऱ्यात काही शे रुग्ण; गुण येण्याची चिन्हं दिसतात का. तिसऱ्यात शेकडो ते हजारो. आजवरच्या उपचारापेक्षा हे खरंच बरं आहे का. पहिल्या टप्प्यातल्या औषधाबद्दल 'रोगावर मात' असं कोणी लिहिलं असेल तर त्याला प्रश्नच कळलेला नाही.

हा टप्पा नैतिकतेसाठी का महत्त्वाचा, ते २००६च्या मार्च महिन्यात लंडनमध्ये दिसलं. टीजीएन१४१२ नावाचं एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) प्रथमच माणसांना दिलं जात होतं. आठ निरोगी तरुण स्वयंसेवक, त्यातल्या सहांना औषध, दोघांना नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन. माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी मात्रा. परवानग्या झालेल्या, संमतीपत्रांवर सह्या झालेल्या. औषध एकामागून एकाला सुमारे दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं दिलं गेलं. पहिल्याला त्रास सुरू व्हायला तास-दीड तास लागणार होता. तोवर सहाही जणांच्या शरीरात औषध गेलेलं होतं. सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण एकाची हातापायांची बोटं गेली.

कागद सगळे जागेवर होते. चुकलं ते घड्याळात. त्यानंतर अशा चाचण्यांत आधी एकालाच औषध द्यायचं, थांबायचं, मग पुढच्याला द्यायचं, ही पद्धत रूढ झाली. म्हणून पहिल्या टप्प्याचा पेपर वाचताना मी आधी मात्रा आणि अंतर शोधतो.

संशोधन प्राण्यांवरचं असेल तर १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी मांडलेली तीन सूत्रं हाताशी ठेवा: जमेल तिथं प्राण्यांना पर्याय शोधा, वापरलेच तर कमीत कमी वापरा, आणि त्यांच्या वेदना कमी करा. यातल्या दुसऱ्या सूत्राचा नवखे उलटा अर्थ लावतात. कमी म्हणजे अगदीच थोडे नव्हेत. पाच उंदरांवरून निष्कर्ष निघणारच नसेल तर ते पाचही उंदीर फुकट मेले. पेपरमध्ये 'एवढेच प्राणी का' याचं गणित दिलंय का ते पाहा. अलीकडे पर्यायांना जोर आला आहे: चिपवर वाढवलेल्या पेशी, मूलपेशींपासून (स्टेम सेल) बनवलेले अवयवांचे चिमुकले नमुने, संगणकावरची प्रारूपं. अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. बंदी घातली, असं काही ठिकाणी छापून आलं, ते चूक. सक्ती गेली, मुभा राहिली.

पायरी २: निकालाआधी नोंदणी वाचा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात.

माणसांवरची चाचणी सुरू होण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत तिची नोंद व्हावी असा नियम मोठ्या वैद्यकीय जर्नलांनी २००५ पासून लागू केला. सारांशाच्या शेवटी नोंदणी क्रमांक असतो. अमेरिकी नोंदवहीतला असेल तर 'एनसीटी' या अक्षरांनंतर आठ आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शोधपोर्टलवर वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्या एकत्र धुंडाळता येतात. क्रमांक टाका आणि तीन गोष्टी पेपरशी ताडून पाहा: नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे का, मुख्य मोजमाप तेच आहे का, आणि ठरवले होते तेवढेच लोक घेतले का.

मुख्य मोजमाप मधेच बदललं असेल तर कान टवकारा. 'मृत्यू कमी होतात का' असं विचारून सुरू झालेली चाचणी 'रुग्णालयातला मुक्काम कमी झाला' असं उत्तर घेऊन येते, तेव्हा निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका काढल्यासारखं होतं. याला लोक संख्याशास्त्राची चूक म्हणतात. मला त्यात नैतिक चूक आधी दिसते. ज्या माणसानं आपलं शरीर या प्रश्नासाठी दिलं, त्याला त्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही. निकाल वाईट आला म्हणून छापायचंच टाळलं, तर पुढचा कोणी तोच धोका दुसऱ्या माणसांवर पुन्हा पत्करतो.

पायरी ३: 'समितीनं मंजुरी दिली' या ओळीकडे

ही ओळ पेपरमध्ये असलीच पाहिजे. नसेल तर वाचणं थांबवा. असेल तर मात्र निश्चिंत होऊ नका.

१९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा १२ मुलांवरचा पेपर आला. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध त्यात सुचवला होता. त्या मुलांवर मोठ्या आतड्याची दुर्बीण, पाठीतून पाणी काढणं अशा तपासण्या झाल्या होत्या, आणि समितीची मंजुरी असल्याचं पेपरमध्ये लिहिलं होतं. तो दावा खोटा ठरला; फेब्रुवारी २०१० मध्ये जर्नलनं पेपर मागे घेतला. बारा वर्षं तो छापील स्वरूपात उभा होता, आणि त्यानं पसरवलेली लशीची भीती अजूनही पुरती विरलेली नाही. चीनमधल्या हे ज्यानक्वे नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रकरणातही (ते पुढे येईल) मंजुरीचे कागद बनावट असल्याचं न्यायालयानं म्हटलं.

पायरी ४: संमती कोणाची, कशी, कशासाठी

इथं जरा बैठक मारा, कारण सगळ्या विषयाचा जीव इथं आहे.

दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांतल्या कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांवर न्यूरेंबर्गमध्ये खटला चालला. त्याच्या १९४७च्या निकालपत्रात दहा कलमं आली, आणि पहिलंच कलम स्वेच्छेच्या संमतीचं. वाटलं असेल, झालं, प्रश्न मिटला. पण त्याच काळात अमेरिकेत टस्कीगी इथं सरकारी आरोग्यसेवेचाच एक अभ्यास चालू होता. १९३२ मध्ये सुरू झालेला. ३९९ सिफिलिसग्रस्त आणि २०१ निरोगी काळे पुरुष, बहुतेक गरीब शेतमजूर. 'तुमचं रक्त खराब आहे' एवढंच त्यांना सांगितलेलं. पेनिसिलिन हा सिफिलिसचा रूढ उपचार झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही, कारण उपचार न केलेला रोग कसा वाढतो हेच तर पाहायचं होतं. पीटर बक्सटन यांनी आतली माहिती बाहेर दिली, १९७२ मध्ये बातमी छापून आली, तेव्हा अभ्यास थांबला. चाळीस वर्षं. या प्रकरणानंतर नेमलेल्या आयोगाचा बेलमाँट अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं आज जवळजवळ प्रत्येक समिती वापरते ती त्यातलीच.

संमती न घेता केलेलं सगळंच संशोधन राक्षसी नव्हतं, हेही नवख्यानं ओळखावं, नाहीतर इतिहास फारच सोपा होतो. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करणाऱ्या चाचण्यांचा तो नमुनाच मानतात. औषधाचा तुटवडा होता, त्यामुळे कोणाला मिळावं हे नशिबावर सोडणं न्याय्यही होतं. पण ज्यांना औषध मिळालं नाही त्यांना आपण एका चाचणीत आहोत याचा पत्ताच नव्हता. आखणी उत्तम, हेतू चांगला, आणि तरीही माणसाला विचारलेलं नाही. आज ती योजना तशीच आमच्या समितीपुढे आली तर परत जाईल.

आता संमतीपत्र तुमच्याच हातात आहे असं धरून चालू. पहिलं काम: त्याच दिवशी सही करू नका. चांगला संशोधक स्वतःच म्हणतो, घरी न्या, कोणाला तरी वाचून दाखवा. मग पुढचे प्रश्न विचारा, आणि उत्तरं लिहून घ्या. मी भाग घेतला नाही तर मला कोणता उपचार मिळेल? नेहमीच्या उपचाराव्यतिरिक्त माझ्यावर नेमकं काय जास्तीचं होणार? ते माझ्यासाठी आहे की संशोधनासाठी? काही बिघडलं तर रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, आणि उपचाराचा खर्च कोणाचा? मधेच सोडलं तर आधी घेतलेल्या रक्ताचं आणि माहितीचं काय?

यातला 'ते माझ्यासाठी की संशोधनासाठी' हा प्रश्न सगळ्यांत अवघड. १९८२ मध्ये पॉल अॅपलबॉम आणि सहकाऱ्यांनी एका घोटाळ्याला नाव दिलं: चाचणीतल्या रुग्णाला वाटत राहतं की माझ्या डॉक्टरांनी हे औषध माझ्या भल्यासाठी निवडलंय, जेव्हा प्रत्यक्षात संगणकानं त्याला गट वाटून दिलेला असतो. फॉर्ममध्ये 'यादृच्छिक' असा शब्द लिहून हा गैरसमज जात नाही. 'तुम्हाला कोणतं औषध मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत' असं लिहिलं की बराचसा जातो. समितीत मी पेन्सिल घेऊन अशीच वाक्यं शोधत बसतो, आणि सोळा पानी फॉर्म आला की सरळ विचारतो, हा सहभागी माणसासाठी लिहिलाय की वकिलासाठी? संमती घेणाऱ्यांना माझं सांगणं एकच: सही घेण्याआधी समोरच्याला म्हणा, 'आता हे तुमच्या शब्दांत मला सांगा.' तो जे सांगेल तीच त्याची संमती, बाकीचा कागद.

पैशाचा प्रश्नही इथंच येतो. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ३६ निरोगी तरुणांच्या नाकात मुद्दाम कोविडचा विषाणू सोडला. त्यांना मोबदला मिळाला होता. ऐकताना अंगावर काटा येतो, पण पाहा: वय आणि प्रकृती पाहून निवडलेले, दिवसरात्र देखरेखीखाली, अगदी अल्प मात्रेपासून सुरुवात. कोणीही गंभीर आजारी पडलं नाही, आणि लागण झाल्यापासून विषाणू कसा वाढतो ते दिवसागणिक कळलं. मला ही चाचणी मान्य आहे. मोबदला वेळेचा आणि त्रासाचा असावा. धोक्याचा भाव लावला की ज्याला पैशाची निकड जास्त तोच धोका विकत घेतो.

पायरी ५: तुलना कशाशी केली

नव्या औषधाची तुलना प्लासिबोशी की प्रचलित उपचाराशी? चांगला उपचार हाती असताना साखरेची गोळी देणं सहसा चूक. पण 'हाती असताना' म्हणजे कोणाच्या हाती? १९९४ मध्ये झिडोव्युडीन या औषधानं आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण सुमारे दोन तृतीयांशानं घटते हे सिद्ध झालं. ती उपचारपद्धत महाग आणि गुंतागुंतीची. मग गरीब देशांत स्वस्त, छोट्या उपचाराच्या चाचण्या झाल्या, त्यांतल्या अनेक प्लासिबोशी तुलना करून. १९९७ मध्ये यावर मोठा वाद पेटला. एक बाजू म्हणाली, श्रीमंत देशात जे कधीच चाललं नसतं ते इथं चालवताय. दुसरी म्हणाली, तिथल्या बायकांना एरवी काहीच मिळत नव्हतं आणि आम्हाला लवकर, ठाम उत्तर हवं होतं. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं होती. मला पहिली बाजू पटते, पण दुसरीचा मुद्दा खोडताना अजूनही दमछाक होते.

आकड्यांचं थोडक्यात. 'धोका निम्म्यावर' असं दिसलं की मूळ धोका विचारा. हजारात दोनचा एक झाला तरी निम्माच होतो, आणि त्या एकासाठी ९९९ जणांनी दुष्परिणाम सोसायचे का, हा वेगळा प्रश्न.

पायरी ६: पैसा कोणाचा

पेपरच्या तळाशी हितसंबंध जाहीर केलेले असतात. कंपनीनं पैसा दिला म्हणून संशोधन खोटं ठरत नाही. कंपन्यांच्या पैशाशिवाय बहुतेक औषधं आलीच नसती. पाहायचं ते एवढंच की आखणी कोणी केली, आकडेवारी कोणाच्या ताब्यात होती, आणि निकाल काहीही आला तरी छापायची मोकळीक होती का. १९९९ मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराच्या चाचणीत १८ वर्षांचा जेसी गेलसिंगर मरण पावला. त्याचा आजार औषधं आणि पथ्यावर आटोक्यात होता. तो पुढच्या बाळांसाठी चाचणीत उतरला होता. नंतर बाहेर आलं की मुख्य संशोधकाचा संबंधित कंपनीत हिस्सा होता आणि आधीच्या प्रयोगांतल्या माकडांच्या मृत्यूचा उल्लेख त्याला दिलेल्या संमतीपत्रात नव्हता. पायरी चार आणि पायरी सहा कशा एकमेकींत अडकतात ते इथं दिसतं.

पायरी ७: रक्त, पेशी आणि माहिती पुढं कुठं जाते

१९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत मरेनात, वाढतच राहिल्या. पोलिओच्या लशीपासून असंख्य संशोधनांत 'हेला' पेशी वापरल्या गेल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी वारल्या. कुटुंबाला हे कळायला वीसेक वर्षं लागली, आणि या पेशींवर व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीशी तडजोड व्हायला २०२३ उजाडलं.

आज पेशींऐवजी आपण थुंकी पाठवतो. ट्वेंटीथ्री-अँड-मी ही जनुकचाचणी करणारी कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा दीड कोटीच्या आसपास लोकांच्या जनुकीय माहितीचं काय होणार हा प्रश्न एकदम व्यापारी लिलावाचा झाला. २०२३ मध्येच तिच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली होती. जनुकांची गोम अशी की संमती एकाची आणि माहिती सगळ्या खानदानाची. संमतीपत्रात 'भविष्यातील संशोधनासाठी' हे शब्द दिसले की विचारा: कोणत्या संशोधनासाठी, कंपन्यांना देणार का, संस्था बंद पडली तर काय, आणि मी नंतर नाही म्हणालो तर नमुना नष्ट होईल का.

पायरी ८: चाचणी संपल्यावर

समितीत या प्रश्नावर सगळ्यांत कमी वेळ जातो, आणि माझ्या मते तिथंच जास्त जायला हवा.

आर्गस २ नावाचं कृत्रिम दृष्टिपटल साडेतीनशेहून अधिक अंध व्यक्तींच्या डोळ्यांत बसवलं गेलं. धूसर का होईना, प्रकाशाचे आकार दिसू लागले. मग ते बनवणारी सेकंड साइट ही कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि तिनं या यंत्राची साथ सोडली. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही. यंत्र मात्र डोळ्यात. २०२४च्या जानेवारीत न्यूरालिंकनं पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत आपलं यंत्र बसवलं, आणि अशा कंपन्या वाढत आहेत. त्यांच्या प्रत्येक बातमीपुढे मी वहीत एकच ओळ लिहितो: 'कंपनी बुडाली तर हे काढणार कोण?'

दुसरी बाजू किमतीची. क्रिस्पर या जनुकांच्या कात्रीवर आधारलेला पहिला मंजूर उपचार, कॅसगेव्ही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं सिकलसेलसाठी मान्य केला. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. सिकलसेलचे बहुसंख्य रुग्ण आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात आहेत. त्याच जातीच्या तंत्रानं २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका दुर्मिळ आजाराच्या बाळासाठी, फक्त त्याच्यासाठी, सहा महिन्यांत उपचार तयार केला गेला. थक्क करणारं आहे. दुसऱ्या बाळाचं काय, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांनी स्वतःच लगेच विचारला, हे मला आवडलं.

सरावासाठी तीन उदाहरणं

गर्भातलं जनुकसंपादन. हे ज्यानक्वे यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की त्यांनी भ्रूणांचं सीसीआर५ जनुक बदललं आणि जुळ्या मुली जन्मल्या. हेतू एचआयव्हीपासून संरक्षण. वडील एचआयव्हीबाधित होते, पण बाळाला लागण टाळण्याचे सोपे, ठाऊक उपाय उपलब्ध होते. म्हणजे जोखीम अमाप आणि गरज जवळपास शून्य. शिवाय बदल पुढच्या पिढ्यांत उतरणारा. २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड झाला. कॅसगेव्ही रुग्णाच्या रक्तपेशींपुरता असतो, वारशानं जात नाही. बातमीत हा फरक बुजवलेला असतो, तो तुम्ही शोधा. भ्रूणाशी मिळतीजुळती, पण मूलपेशींपासून रचलेली प्रारूपं ही याच शेजारची नवी गल्ली. भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवायचं नाही हा जुना दंडक. २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तो सैल केला, आणि २०२५ मध्ये अशी प्रारूपं गर्भाशयात रोवायला मनाईच आहे हे पुन्हा स्पष्ट केलं.

डुकराचे अवयव. जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात डेव्हिड बेनेट यांना दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचं हृदय बसवलं. ते सुमारे दोन महिने जगले. नंतर त्या हृदयात डुकराच्या एका विषाणूचा अंश आढळला. इथं चौथी पायरी वेगळंच वळण घेते. सहभागी माणसाला कधीही बाहेर पडायचा हक्क असतो, असं आपण घोकत आलो. पण प्राण्याचा रोग माणसांत पसरू नये म्हणून अशा रुग्णावर जन्मभर नजर ठेवावी लागते, आणि त्याच्या जवळच्यांवरही. बाहेर पडायचं तर कुठून? संमती एकाची आणि बंधन घरभराचं असा हा मामला आहे. यावर समाधानकारक तोडगा मी अजून वाचलेला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात अमेरिकी रुग्णालयांत वापरली जाणारी एक प्रणाली तपासली होती. कोणाला जादा देखभाल हवी हे ती मागच्या वैद्यकीय खर्चावरून ठरवायची. काळ्या रुग्णांवर खर्चच कमी झालेला, म्हणून तितकेच आजारी असूनही ते यादीत मागे पडायचे. प्रणालीत वंशाचा रकानाही नव्हता. म्हणून अशा पेपरमध्ये 'अचूकता ९४ टक्के' असं काही वाचण्याआधी दोन गोष्टी शोधा: यंत्र नेमकं काय मोजतंय, आणि ते कोणाच्या माहितीवर शिकलंय.

पायरी ९: वहीत तारीख टाका

वाचून झालं की पेपरचं नाव, आजची तारीख आणि सहा महिन्यांनंतरची एक तारीख लिहा. त्या दिवशी जर्नलच्या पानावर परत जा आणि 'दुरुस्ती', 'चिंता व्यक्त' किंवा 'मागे घेतला' अशी पट्टी लागलीय का पाहा. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कोविड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर ९६ हजार रुग्णांच्या माहितीचा पेपर आला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या आधारे आपल्या चाचणीतला तो भाग काही दिवस थांबवला. ती माहिती सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीची होती आणि ती तपासायला कोणालाच मिळाली नाही. तेरा दिवसांत पेपर मागे घेतला गेला. पहिल्या वाचनातच संशय घेता आला असता: शेकडो रुग्णालयं, पण ती कोणती, याचा पेपरमध्ये पत्ताच नव्हता. माझ्या वहीत त्या पेपरसमोर तेव्हा मी फक्त 'आकडे मोठे आहेत' एवढंच लिहिलं होतं.